हात खिशाकडे, खिशात नाही

कुसुमाग्रजांची 'कणा' नाशिकमध्ये वाचताना गंगामाई कोण हे कुणाला विचारावे लागत नाही. इथे गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि पूर केवढा हे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आले की गळ्यापर्यंत, यावरून ठरते. पाणी कुठवर आले, हाच पुरातला पहिला प्रश्न. ही कविताही 'कुठे' या प्रश्नाला फार जपते. इंग्रजीतली स्थलवाचक अव्यये शिकवताना मी म्हणूनच ती घेते; अनुवादाला बसले की एकेक जागा नेमकी ठरवावीच लागते.

भिजलेला जुना विद्यार्थी सरांकडे येतो. पाणी त्याच्या केसांवर आहे, पण इंग्रजीला इथे 'ऑन' चालत नाही, 'इन' लागते. बोलण्याआधी तो वर बघतो. तिथे नुसते 'अप', पुढे नाम नसलेले, म्हणजे क्रियाविशेषण. कशाकडे बघतो, ते कवीने सांगितलेले नाही. मुले 'ॲट द स्काय' जोडायला जातात, ते मी खोडायला लावते.

मग पूर. पाणी घरात शिरते, चार भिंतींच्या आत थैमान घालते, आणि जाताना थोडेसे मागे ठेवते ते पापण्यांच्या आत. घराएवढी नदी डोळ्याएवढी होते, पण दोन्हीकडे ती 'आत'च असते. अनुवादात भिंतींना 'विदिन' आणि डोळ्यांना 'इन' आले तरी हा धागा टिकतो. 'ऑन द लॅशेस' लिहिले की तुटतो. पाणी बाहेर ओघळते, आणि हा मुलगा तर रडत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी थांबते ती सरांच्या हातापाशी. हात खिशाकडे जातो आणि मुलगा हसत उठतो. 'टुवर्ड्ज' दिशा सांगते, 'टू' पोहोचणे सांगते, 'इन्टू' आत शिरणे. बहुतेक मुले 'इन्टू हिज पॉकेट' लिहितात. मग हात आत गेला, बोटांना नोटा लागल्या, आणि मुलाचे उठणे म्हणजे दिलेले पैसे नाकारणे झाले. मूळ कवितेत तो सरांना तिथवर पोहोचूच देत नाही. हात वाटेत असतानाच त्याने ओळखले, आणि सरांचाही मान राखला. १९७०मध्ये 'नटसम्राट' देणाऱ्या नाटककाराची ही नजर आहे. रंगसूचनेत हात कुठे थांबतो याला जेवढे महत्त्व, तेवढेच इथे.

शेवटी मुलगा मागतो तो हात पाठीवर. इथे मराठीचे 'वर' आणि इंग्रजीचे 'ऑन' अगदी जुळतात, कारण 'ऑन'ला सहसा स्पर्श लागतो. 'ओव्हर' किंवा 'अबव्ह' लिहिले तर हात पाठीपासून अंतर राखून राहील. तो आशीर्वाद होईल, आणि त्याला आशीर्वाद नको आहे. त्याला एकटे वाटते आहे, म्हणून हात टेकायलाच हवा.