स्टेशन 'दुर्लक्षामुळे' बंद पडलं? एका सोप्या उत्तराची तपासणी

आमच्या श्रीगोंद्याच्या स्टेशनाचं नाव 'श्रीगोंदा रोड'. 'रोड' म्हणजे गाव रुळांपासून लांब, उतरून पुढे रस्त्याने जायचं. दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला आणि हे आडबाजूचं स्टेशन आजही चालू आहे. उलट मुंबईतलं कुलाबा टर्मिनस मात्र नकाशावरून पुसलं गेलं. असं का झालं?

कुलाब्यावरचे बहुतेक लेख एकाच साच्यातले असतात: जुना फोटो, थोडा हळहळीचा सूर आणि शेवटी 'दुर्लक्षामुळे वारसा हरवला'. फोटो जपले, हे त्यांचं श्रेय मान्य करूया. पण हा 'मुळे' पुराव्यावर टिकतो का, ते बघा.

बीबीसीआय रेल्वे १८७३ साली कुलाब्यापर्यंत पोहोचली. ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा-बोरिवली विजेची गाडी सुरू झाली. ३१ डिसेंबर १९३० ला कुलाबा बंद. ज्या स्टेशनाकडे कुणाचं लक्ष नाही, तिथे तीन वर्षं आधी वीज कशाला आणतील? एवढ्या एका नोंदीने 'दुर्लक्ष' डळमळतं. पण थांबा, एक कारण खोडलं म्हणून दुसरं आपोआप सिद्ध होत नाही.

आता जागा बघा. चर्चगेटच्या दक्षिणेला रूळ बॅकबेच्या किनाऱ्याने जात होते, आणि तिथेच समुद्रात भराव घालून नवी जमीन करण्याची योजना चालू होती. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी मुंबई सेंट्रल १८ डिसेंबर १९३० ला उघडलं, म्हणजे कुलाबा बंद होण्याच्या तेरा दिवस आधी. लोकल चर्चगेटला संपू लागल्या. त्याआधी कुलाब्यातला कापसाचा बाजारही शिवडीकडे सरकला होता. हा क्रम विस्मरणाचा नाही, ठरवून केलेल्या स्थलांतराचा आहे.

वास्तुकलेबाबतही हे लेख दर्शनी भागावरच अडकतात. चर्चगेटसमोरची, १८९९ साली पूर्ण झालेली एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची घुमटांची इमारत अनेकांना स्टेशन वाटते. ते रेल्वेचं कार्यालय आहे. क्लॉड बॅटली यांच्या मुंबई सेंट्रलमध्ये तसा नक्षीकामाचा सोस नाही. पण टर्मिनस म्हणजे फक्त कमानी नव्हेत. फलाट, यार्ड, मालधक्का, आणि त्यांना लागणारी भरपूर जमीन. कुलाब्याचा प्रश्न जमिनीचा होता. आज तिथे बधवार पार्क ही रेल्वेची वसाहत आहे.

मग तुम्ही काय करायचं? स्वतःच्या सिनॉप्सिसमधल्या प्रत्येक 'मुळे'भोवती पेन्सिलीने गोल करा. प्रत्येक गोलाला दोन प्रश्न विचारा: याच्या विरुद्ध जाणारी एखादी नोंद आहे का? आणि घटनांचा क्रम याच्याशी जुळतो का? उत्तर सापडेपर्यंत तो गोल खोडू नका.