निसर्गप्रेरित अल्गोरिदम : उपमानाचे प्रामाण्य व त्याच्या मर्यादा

१

संगणकशास्त्रात ‘निसर्गप्रेरित’ हे विशेषण गेल्या काही दशकांत इतके प्रतिष्ठित झाले आहे की, एखाद्या अल्गोरिदमला ते लागले म्हणजे त्याच्या नावीन्याची निम्मी सिद्धता झालीच, असे गृहीत धरले जाते. मुंग्या, मधमाश्या, पक्ष्यांचे थवे, काजवे, वटवाघळे, देवमासे, लांडगे या सर्वांच्या नावे इष्टतमीकरणाच्या, म्हणजे असंख्य शक्य उत्तरांतून सर्वोत्तम उत्तर शोधून काढण्याच्या, रीती प्रसिद्ध झाल्या आहेत. या नामावळीत निसर्ग कोठे खरोखर कारण आहे आणि कोठे केवळ अलंकार आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

प्रश्न शास्त्रीय असला तरी त्याचे स्वरूप साहित्यविचाराला अपरिचित नाही. भारतीय अलंकारशास्त्राने उपमेची चार अंगे मानली आहेत : उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि वाचकशब्द. प्रस्तुत विषयात अल्गोरिदम हे उपमेय, प्राण्यांचा व्यवहार हे उपमान आणि ‘प्रेरित’ हा वाचकशब्द होय. उरतो तो साधारणधर्म, म्हणजे दोहोंत समान असलेली कार्यपद्धती. चारही अंगे असतील तर पूर्णोपमा आणि एखादे गळले तर लुप्तोपमा, असा भेद मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त केला आहे. काव्यात साधारणधर्म लोपला तरी बिघडत नाही. सहृदय वाचक तो आपल्या अनुभवातून पुरवितो, आणि पुष्कळदा त्या लोपातच चमत्कृती असते. शास्त्राची गोष्ट निराळी आहे. तेथे साधारणधर्म हेच मूळ विधान असते. ते गाळले की वाचकाने पुरवावे असे काही शिल्लक राहत नाही. या कसोटीवर तीन उदाहरणे तपासली असता निसर्गप्रेरणेचे खरे मोल आणि तिचा गैरवापर, दोन्ही स्पष्ट होतात.

२

पहिले उदाहरण मुंग्यांचे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ग्रासे याने १९५९ साली वाळवीच्या वारुळबांधणीचा अभ्यास करताना असे दाखविले की, कामकरी कीटक परस्परांना प्रत्यक्ष सूचना देत नाहीत. आधी झालेल्या कामाच्या खुणाच पुढच्या कामाला चालना देतात. पुढे १९८९ साली ब्रुसेल्स येथील गॉस, देनबूर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्जेंटिनी मुंग्यांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वारूळ आणि अन्न यांच्यामध्ये दोन फाटे असलेला पूल ठेवला. एक फाटा दुसऱ्याच्या दुप्पट लांब. प्रारंभी मुंग्या दोन्ही फाट्यांवर सारख्याच गेल्या. पण जवळच्या वाटेने गेलेल्या मुंग्या आधी परतल्या, त्यामुळे त्या वाटेवर गंधद्रव्याचा थर आधी चढला, त्या वासाने आणखी मुंग्या तिकडे वळल्या, आणि काही वेळाने बहुतेक सारी रांग जवळच्या वाटेवर आली. एकाही मुंगीने दोन वाटांची तुलना केलेली नव्हती.

हा प्रयोग पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. त्याचा उत्तरार्ध मात्र बहुधा वगळला जातो. प्रथम केवळ लांब फाटा ठेवून अर्ध्या तासाने जवळचा फाटा उघडला, तर बहुतेक मुंग्या जुन्याच लांब वाटेवर खिळून राहतात. तेथे साचलेला गंध लवकर उडून जात नाही आणि नव्या वाटेला संधी मिळत नाही. अर्थात निसर्गातील मुंगी ‘सर्वोत्तम मार्ग शोधते’ हे विधान अर्धसत्य आहे.

मार्को दोरिगो याने मिलान येथील तंत्रविद्यापीठात १९९२ साली पूर्ण केलेल्या प्रबंधात या यंत्रणेवरून ‘फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न’ सोडविण्याची रीत मांडली. विक्रेत्याने प्रत्येक शहरी एकदाच जाऊन कमीत कमी अंतरात परत यावे, असा हा प्रश्न. दोरिगोची कृत्रिम मुंगी पुष्कळ बाबतींत खऱ्या मुंगीसारखी नाही. आपण कोणती शहरे पाहिली याची तिला स्मृती असते. पुढचे शहर किती दूर आहे हे तिला कळते. ती चालताना गंध टाकीत नाही, तर फेरी पूर्ण झाल्यावर, फेरी जितकी आखूड तितका अधिक गंध टाकते. गंध उडून जाण्याचा वेगही मुद्दाम ठरविलेला असतो, जेणेकरून जुन्या चुकीच्या वाटा विसरल्या जाव्यात. नैसर्गिक मुंगी ज्या ठिकाणी फसते, नेमके त्याच ठिकाणी कृत्रिम मुंगी निसर्गाची साथ सोडते.

येथे साधारणधर्म निश्चित शब्दांत सांगता येतो : सामायिक खुणांचा संचय, त्या खुणांनी निवडीला मिळणारे बळ, आणि खुणांचा क्रमशः लोप. निसर्गापासून फारकत कोठे व का घेतली, हेही सांगता येते. म्हणून ही उपमा पूर्ण आहे. आणि पूर्ण असल्यामुळेच ती तपासता येते. गंध उडून जाणे बंद केले तर काय होईल, अंतराचे ज्ञान काढून घेतले तर काय होईल, असे प्रयोग त्यावर करता येतात.

३

दुसरे उदाहरण मेंदूचे आहे व ते अधिक गुंतागुंतीचे आहे. मॅककलक आणि पिट्स यांनी १९४३ साली चेतापेशीचे जे गणिती प्रतिरूप मांडले, त्यात खऱ्या पेशीचा फार थोडा अंश होता : अनेक संदेशांची बेरीज आणि एक उंबरठा. ह्यूबेल व वीझेल यांनी १९५९ पासून मांजराच्या मेंदूतील दृष्टिकेंद्रावर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, काही पेशी ठरावीक जागी ठरावीक कोनाची रेघ दिसली तरच उद्दीपित होतात, तर काही पेशी ती रेघ थोडी सरकली तरी प्रतिसाद देतात. फुकुशिमा यांनी १९८० साली या दोन प्रकारच्या पेशींचे थर एकावर एक रचून प्रतिमा ओळखणारे जाळे घडविले. १९८९ साली लकून व सहकाऱ्यांनी अशाच रचनेला चुकीच्या उलट प्रसारणाने शिकविण्याची रीत जोडून टपालावरील हस्तलिखित अंक वाचून दाखविले.

येथपर्यंत निसर्गाचे ऋण निर्विवाद आहे. परंतु शिकण्याच्या रीतीविषयी तसे म्हणता येत नाही. उत्तरातील चूक मागे मागे नेऊन प्रत्येक जोडणीचे वजन बदलणे ही गोष्ट कलनशास्त्रातील साखळी-नियमातून आली आहे. चेतापेशींच्या निरीक्षणातून नव्हे. फ्रान्सिस क्रिक याने १९८९ सालीच या विसंगतीवर बोट ठेवले होते. म्हणजे या उपमेत रचनेचा साधारणधर्म आहे, शिक्षणाचा नाही. ती अंशतः पूर्ण आणि अंशतः लुप्त आहे.

तरीही या परंपरेला दोष देता येत नाही, कारण तिने आपले समर्थन उपमानावर सोपविले नाही. २०१२ सालच्या इमेजनेट स्पर्धेत क्रिझेव्स्की, सट्स्केव्हर व हिंटन यांच्या जाळ्याच्या चुकांचे प्रमाण १५.३ टक्के होते, तर दुसऱ्या क्रमांकाच्या पद्धतीचे २६.२ टक्के. ‘हे जाळे मेंदूसारखे आहे’ हे वाक्य या आकड्यांतून वगळले तरी त्यांचे वजन कमी होत नाही. रायशेनबाख याने १९३८ साली शोधाचा संदर्भ आणि समर्थनाचा संदर्भ असा जो भेद केला, त्याचे हे उत्तम उदाहरण होय. कल्पना कोठून सुचली याला बंधन नाही. ती ग्राह्य का, याचे उत्तर मात्र स्वतंत्रपणे द्यावे लागते.

४

तिसरे उदाहरण करड्या लांडग्याचे. मिरजलिली, मिरजलिली व लुईस यांनी २०१४ साली मांडलेला हा अल्गोरिदम अतिशय लोकप्रिय झाला. कळपातील आल्फा, बीटा व डेल्टा हे नायक भक्ष्याला वेढतात व इतर लांडगे त्यांच्या मागे जातात, असे त्याचे उपमान आहे. गणितात मात्र इतकेच घडते : आजवर सापडलेल्या तीन सर्वोत्तम बिंदूंच्या आधारे काही यादृच्छिक गुणक वापरून तीन स्थाने काढायची आणि त्यांच्या सरासरीकडे उरलेले बिंदू हलवायचे.

यात साधारणधर्म कोणता? खऱ्या लांडग्याला भक्ष्य दिसते, त्याचा वास येतो. शोधाच्या प्रश्नात उत्तराचे स्थान हीच एक अज्ञात गोष्ट असते. वेढा घालण्यासाठी मध्यभागी काहीतरी असावे लागते, आणि येथे ते कोठे आहे हेच कोणास ठाऊक नाही. शिवाय उपमान तरी प्रमाण आहे काय? मुक्त लांडग्यांचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या डेव्हिड मेक याने १९९९ सालीच असे दाखविले होते की, नैसर्गिक कळप बहुधा आईबाप आणि पिले यांचे कुटुंब असतो. झुंजीतून ठरणाऱ्या ‘आल्फा’ची कल्पना मुख्यतः बंदिस्त, परस्परांना अपरिचित लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. पंधरा वर्षांनी मांडलेल्या अल्गोरिदमने ती जुनीच कल्पना आधाराला घेतली आहे.

कामाचो-व्हियालॉन, दोरिगो व श्टुट्झले यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या चिकित्सेत करडा लांडगा, देवमासा, काजवा, वटवाघूळ इत्यादी सहा अल्गोरिदमांची परिभाषा बाजूला सारून केवळ समीकरणे तपासली, आणि त्यांतील कल्पना केनेडी व एबरहार्ट यांच्या १९९५ सालच्या कणथवा-पद्धतीसारख्या जुन्या रीतींत आधीच होत्या असे दाखविले. या चिकित्सकांत मुंग्यांच्या अल्गोरिदमचा कर्ता स्वतः आहे, हे लक्षणीय होय. २०१९ साली अन्य संशोधकांनी असेही दाखविले की, उत्तर मूळबिंदूपासून दूर सरकविले की लांडग्यांच्या अल्गोरिदमची कामगिरी ढासळते; आणि प्रचलित चाचणी-फलनांपैकी अनेकांचे उत्तर नेमके मूळबिंदूवरच असते. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

५

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, नाव काहीही असो, प्रश्न सुटतो ना? सुटतही असेल. परंतु एकाच क्रियेला एका लेखात ‘शिकार’, दुसऱ्यात ‘प्रकाशाचे आकर्षण’ व तिसऱ्यात ‘थव्याचे अनुकरण’ म्हटले गेले, तर तिन्ही लेखांतील ज्ञान एकत्र साचत नाही. ज्ञानसंचय हेच ज्या व्यवहाराचे प्रयोजन, त्यात परिभाषेची ही फूट किरकोळ मानता येत नाही. सरेन्सेन याने २०१५ सालच्या आपल्या प्रसिद्ध लेखात रूपकांच्या या पिकावर घेतलेला आक्षेप मुख्यतः हाच आहे.

दुसरा आक्षेप वोल्पर्ट व मॅकरेडी यांच्या १९९७ सालच्या सिद्धांताचा आधार घेतो. सर्व शक्य प्रश्नांची सरासरी काढली तर कोणतीही शोधरीत दुसरीपेक्षा श्रेष्ठ ठरत नाही. म्हणून नव्या रीती हव्यातच, असे म्हटले जाते. वस्तुतः या सिद्धांतातून उलटाच बोध होतो. श्रेष्ठता जर प्रश्नाच्या स्वरूपावर अवलंबून असेल, तर आपली रीत कोणत्या प्रकारच्या प्रश्नांना व कोणत्या कारणाने अनुकूल आहे, हे सांगण्याची जबाबदारी नव्या रीतीच्या कर्त्यावर येते. प्राण्याचे नाव हे त्या कारणाचे उत्तर होऊ शकत नाही.

या विवेचनाचा व्यावहारिक परिणाम विषयाच्या निवडीच्या वेळी सर्वांत अधिक जाणवतो. प्रबंधासाठी एखादा अद्याप न वापरलेला प्राणी शोधणे सोपे आहे, आणि प्रसिद्धीची संख्या मोजणाऱ्या व्यवस्थेत ते फायद्याचेही आहे. परंतु प्राण्याची सारी नावे खोडून उरलेले समीकरण वाचावे. ते आधी कोणी लिहिले आहे काय हे पाहावे. निसर्गातून नेमका कोणता धर्म घेतला आणि कोणता सोडला, हे एका वाक्यात सांगता येते काय हे तपासावे. मुंग्यांचा अल्गोरिदम या तिन्ही प्रश्नांना उत्तर देतो. लांडग्यांचा देऊ शकत नाही. निसर्ग संशोधकाला अजून पुष्कळ शिकवील यात शंका नाही. पण त्यासाठी संशोधकाने प्रथम त्या प्राण्याकडे, मेकप्रमाणे व देनबूर्गप्रमाणे, धीराने पाहिले पाहिजे. केवळ त्याचे नाव उसने घेऊन भागणार नाही.