अक्षर कानाचे की कागदाचे?

एका तरुण कवीचा अभंग तपासताना माझ्या हातून चूक झाली. त्यातले दोन चरण असे होते : 'मन-तळ्यातले । कमळ उमले'. मोठ्या अभंगाचे गणित मला ठाऊक होते : सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे. मी ते चरण पुटपुटत बोटांवर मोजले, तर दोन्हींत चारच भरली. दोन्हीकडे दोन अक्षरांचा एकेक शब्द घालून मी कविता परत पाठवली. कवीने वाद घातला नाही. फोनवर ओळ गाऊन दाखवली. गाताना 'मन'मधला 'न' सुटा झाला, 'कमळ'मधला 'ळ' लांबला आणि सहाही अक्षरे जागेवर आली.

मी कानाने मोजत होतो आणि तोही रोजच्या बोलण्याला सरावलेला कान. बोलताना आपण शब्दातला 'अ' अनेकदा गिळतो. 'करवत' लिहिताना चार अक्षरे. बोलताना 'कर्-वत्' अशी दोनच. बोलण्याने टाकलेला हा 'अ' लिपीने जपला आणि गाण्याने जिवंत ठेवला. माधव ज्यूलियनांनी 'छंदोरचने'त वृत्त आणि जाती यांहून छंद वेगळा मानला. छंदात अक्षरांची संख्या ठरलेली आणि प्रत्येक अक्षराचा उच्चार दीर्घ. म्हणजे 'न'लाही 'ळ्या'इतकाच वेळ.

बंगाली वाचकाला यात नवल वाटणार नाही. त्याच्या पयारात आठ आणि सहा मिळून चौदांची ओळ असते. बोलताना एकाच झटक्यात उच्चारला जाणारा 'घर' तिथेही दोन मोजला जातो.

मोजणी म्हणजे सर्वस्व, असे मात्र नाही. ज्ञानेश्वरीच्या ओवीत चरणांची अक्षरे कमी-जास्त होतात. पहिल्या तीन चरणांचे यमक आणि आखूड चौथा चरण तिचा तोल सांभाळतात. अभंगाने ही सैल चाल बांधून घेतली. म्हणूनच काव्यवाचनात अभंग गद्यासारखा वाचला जातो, तेव्हा अर्थ पोचतो, पण चाल मोडते. मराठी न येणारा अनुवादक असे वाचन ऐकून ओळीची लांबी ठरवू लागला, तर माझीच चूक तो दुसऱ्या भाषेत करील. त्याला आधी अभंग गाऊन दाखवावा.

त्या अभंगातले माझे दोन्ही शब्द मी काढून टाकले.