ॲप लपवलं, पण कोणापासून?

नेट, सेट किंवा पेटची तयारी सुरू झाली की बहुतेकांना फोनबद्दल एक सल्ला हमखास मिळतो. इन्स्टाग्राम काढून टाकवत नसेल, तर निदान लपवून ठेव. यूट्यूबवर यावर ढीगभर व्हिडिओ आहेत आणि जवळपास सगळ्यांत एकाच दमात दोन फायदे सांगितले जातात: प्रायव्हसी राहते आणि अभ्यासात लक्ष लागतं. हे दोन फायदे जोडीने इतक्यांदा ऐकू येतात की ते एकाच गोष्टीचे आहेत असं वाटायला लागतं. माझा आक्षेप नेमका या जोडीवर आहे. आणि तुमच्यापैकी कोणी ‘मोबाईल आणि विद्यार्थी’ असा विषय सिनॉप्सिससाठी डोक्यात घोळवत असेल, तर हा आक्षेप आरआरसीसमोर जाण्याआधीच ऐकलेला बरा.

आधी फोन नेमकं काय करतो ते बघू. सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोनसाठी आयओएस १८ आलं. त्यात एखादं ॲप लपवलं की ते होम स्क्रीनवरून जातं, ॲप लायब्ररीच्या तळाशी एका बंद फोल्डरमध्ये बसतं, सर्चमध्ये येत नाही आणि त्याची नोटिफिकेशन्स थांबतात. उघडायचं तर फेस आयडी किंवा पासकोड लागतो. त्याच वर्षी अँड्रॉइड १५ मध्ये ‘प्रायव्हेट स्पेस’ आली. ती फोनमधली वेगळी खोलीच आहे. कुलूप लावलं की आतली ॲप्स थांबतात, आणि ती खोलीसुद्धा यादीतून लपवता येते. सॅमसंगचं सिक्युअर फोल्डर आणि शाओमीतली लपवण्याची सोय तर त्याआधीपासूनच आहे.

आता यात गंमत बघा. प्रायव्हसीसाठी लपवताना ॲप दुसऱ्याला दिसू नये आणि मला मात्र पटकन उघडता यावं, अशी अपेक्षा असते. लक्ष लागावं म्हणून लपवताना गणित बरोबर उलटं होतं. रूममेटला माझ्या फोनवर इन्स्टाग्राम दिसलं तरी माझं काही बिघडत नाही, मला ते उघडायला त्रास झाला पाहिजे. पहिल्या प्रकारात चोर बाहेरचा आहे, दुसऱ्यात चोर मीच. आणि फेस आयडीचं कुलूप कोणाच्या चेहऱ्याने उघडतं? माझ्याच. ज्याच्यापासून वस्तू लपवायची त्याचं तोंड हीच किल्ली! म्हणजे एकाच सोयीकडून आपण दोन विरुद्ध कामांची अपेक्षा करतोय, आणि एक काम ती जितकं चांगलं करेल तितकं दुसरं बिघडण्याची शक्यता आहे.

लक्षाचा भाग आधी घेऊ, कारण त्यावर वाचण्यासारखं बरंच आहे.

‘ॲप लपवा’ या सल्ल्यामागे एक न बोललेलं गृहीतक आहे: आपलं लक्ष फोन विचलित करतो. आयकॉन दिसतो, लाल ठिपका दिसतो, म्हणून हात जातो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या मॅक्सी हाइटमायर आणि सादी लाहलू यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे वाचावा. त्यांनी ३७ लोकांना अंगावर छोटे कॅमेरे लावून रोजचं आयुष्य जगू दिलं, फोनशी आलेले ११३० संबंध चित्रित केले आणि नंतर तेच चित्रण त्या लोकांना दाखवून ‘इथे फोन का घेतला?’ असं विचारलं. यांपैकी ८९ टक्के वेळा सुरुवात वापरणाऱ्याने स्वतःहून केली होती. नोटिफिकेशनमुळे झालेली सुरुवात उरलेल्या ११ टक्क्यांत.

३७ लोकांवरून जगाबद्दल बोलता येत नाही, हे तुम्ही लगेच म्हणाल आणि ते बरोबरच आहे. पण पद्धतीचा कस बघा. प्रश्नावलीत ‘तुम्ही दिवसातून किती वेळा फोन बघता?’ असं विचारून मिळणाऱ्या उत्तरापेक्षा हे चित्रण कितीतरी भक्कम आहे. २०१५ मध्ये सॅली अँड्र्यूज आणि सहकाऱ्यांनी २३ जणांच्या फोनमधली खरी नोंद आणि त्यांचे स्वतःचे अंदाज शेजारी ठेवले, तेव्हा फोन बघण्याच्या संख्येबाबतचे अंदाज भरवशाचे निघाले नाहीत. तरी आपल्याकडे अजून पाच पर्यायांच्या प्रश्नावल्या वाटण्याचा उत्साह कमी होत नाही, तो विषय वेगळा.

८९ टक्क्यांचा अर्थ आपल्या प्रश्नासाठी असा, की फोन खिशातून बाहेर येतो तेव्हा आयकॉन अजून दिसलेलाच नसतो. लपवलेला आयकॉन हात खिशात जाण्यापासून रोखू शकत नाही. रोखलं तर तो फक्त पुढची पायरी रोखेल: स्क्रीन उघडल्यावर अंगठा सवयीने जिथे जातो ती जागा. हा परिणाम खरा असू शकतो. पण तो वेगळा परिणाम आहे आणि वेगळा मोजावा लागेल.

बरं, नोटिफिकेशन्स थांबल्याने तरी फायदा होतो का? याचं उत्तर भारतातल्याच एका प्रयोगात सापडतं. निकोलस फिट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या दोन आठवड्यांच्या प्रयोगात २३७ भारतीय फोनधारक होते आणि गटवाटणी यादृच्छिक होती. काहींना नोटिफिकेशन्स नेहमीसारखी, काहींना गठ्ठ्याने आणि काहींना अजिबात नाही. दिवसातून तीनदा गठ्ठ्याने मिळालेल्यांना लक्ष आणि मनःस्थिती दोन्ही सुधारल्यासारखं वाटलं. अजिबात बंद केलेल्यांना मात्र फारसा फायदा झाला नाही. उलट त्यांची चिंता आणि ‘आपलं काहीतरी सुटतंय’ ही धास्ती वाढली. आयफोनवर लपवलेलं ॲप यापैकी कोणत्या गटात बसतं? शेवटच्या. व्हॉट्सॲप लपवून बसलेल्या मुलाला गाईडचा मेसेज आला असेल का, ही शंका अभ्यास करू देईल का ते तुम्हीच ठरवा.

याच मुद्द्यावर मेंगची लियाओ आणि श्याम सुंदर यांचा २०२२ चा, १३८ आयफोनधारकांचा अभ्यासही नेहमी सांगितला जातो. फोन पूर्ण सायलेंटवर ठेवणारे फोन जास्त वेळा हातात घेतात, आणि धास्तीचा स्वभाव असणाऱ्यांत हे जास्त दिसतं, असा त्याचा सूर. इथे मात्र हात आखडता घ्या. कोणी फोन सायलेंट ठेवायचा हे संशोधकांनी ठरवलं नव्हतं, लोकांनी आपापलं ठरवलं होतं. फोनने आधीच हैराण झालेला माणूसच सायलेंट करत असेल तर कारण कोणतं आणि परिणाम कोणता? फिट्झ यांच्या प्रयोगाला मी जास्त वजन देते ते यासाठी. माझा विषय सूक्ष्मजीवशास्त्र. आमच्याकडे कंट्रोल प्लेट नसलेला निकाल मीटिंगमध्ये कोणी मान वर करूनही बघत नाही, त्यामुळे ही खोड लागली आहे.

आता ज्या पेपरवर मला जास्त बोलायचं आहे तो. २०२३ मध्ये पीएनएएसमध्ये डेव्हिड ग्र्यूनिंग, फ्रेडरिक रीडेल आणि फिलिप लोरेन्झ-स्प्रीन यांनी ‘वन सेक’ या ॲपचा अभ्यास छापला. हे ॲप काही लपवत नाही. तुम्ही इन्स्टाग्राम उघडायला गेलात की मध्ये येऊन थोडा वेळ थांबवतं आणि विचारतं, खरंच उघडायचं का? २८० जणांचा सहा आठवड्यांचा डेटा आहे. ३६ टक्के वेळा लोकांनी त्या थांब्यावरूनच माघार घेतली, आणि सहाव्या आठवड्यापर्यंत ॲप उघडण्याचे प्रयत्न पहिल्या आठवड्याच्या मानाने ३७ टक्क्यांनी घटले.

आकडे छान आहेत, आणि म्हणूनच हळू वाचायचे. ३७ टक्क्यांची तुलना पहिल्या आठवड्याशी आहे आणि त्या आठवड्यात वन सेक आधीच बसवलेलं होतं. बसवण्याआधीचा वापर या तुलनेत येत नाही. माणूस असं ॲप कधी बसवतो? फोनचा अगदी कंटाळा आला असेल तेव्हा, म्हणजे वापर नेहमीपेक्षा जास्त असेल तेव्हा. तो पुढे आपोआपही थोडा खाली येणारच. शिवाय फोनवर कमी झालेलं इन्स्टाग्राम लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उगवलं का, हे फोनमधल्या नोंदीवरून कळत नाही. रीडेल हे त्या ॲपचे निर्माते आहेत. तेवढ्यावरून पेपर खोटा ठरत नाही, पण पीएचडीच्या पहिल्या वर्षातच हितसंबंधांचं निवेदन आधी वाचायची सवय लावून घ्या.

मग हा पेपर मला चांगला का वाटतो? कारण लेखक तिथे थांबले नाहीत. ‘ॲप चालतं’ एवढ्यावर समाधान न मानता त्यांनी ५०० जणांवर, पूर्वनोंदणी करून, आणखी एक प्रयोग केला आणि वन सेकचे तीन भाग सुटे करून तपासले: थांबायला लावणं, माघारीचा पर्याय देणं आणि विचार करायला लावणारा संदेश. सर्वात जास्त परिणाम माघारीच्या पर्यायाचा निघाला. थांबण्याचाही झाला. संदेशाचा झाला नाही. सल्ल्याचं वाक्य वाचून कोणी सुधारत नाही, हे आपल्या घराघरांत माहीत असलं तरी मोजून दाखवणं वेगळं.

आता ही फूटपट्टी ॲप लपवण्याला लावा. लपवण्यात थोडा अडथळा आहे: फोल्डर शोधा, चेहरा दाखवा. पण ‘राहू दे’ असं म्हणायची जागा नाही. ज्या भागाने सर्वात जास्त काम केलं तोच इथे गायब. आणि अडथळासुद्धा सरावाने झिजतो, चार दिवसांत अंगठ्याला नवा रस्ता पाठ होतो, असा माझा अंदाज आहे. अंदाजच. हे तपासणं हाच खरं तर एक छोटा, नीट करता येण्यासारखा प्रयोग आहे.

प्रायव्हसीकडे वळताना सूर बदलावा लागतो, कारण तिथे प्रश्न अभ्यासाच्या तासांचा राहत नाही. नित्या संबासिवन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या १९९ स्त्रियांशी बोलून केलेलं काम मला या संपूर्ण विषयातलं सर्वात महत्त्वाचं वाटतं. त्यांचा फोन घरात फिरतो. मुलं, नवरा, सासरचे, भाऊ, कोणीही तो मागू शकतं आणि नाही म्हणता येत नाही. अशा वेळी पूर्ण फोनला कुलूप घालण्यापेक्षा एखाद्या ॲपला लॉक लावणं, निवडक मेसेज पुसणं, खाजगी ब्राउझिंग वापरणं अशा युक्त्या त्या करतात. ‘एक माणूस, एक फोन’ हे गृहीत धरून केलेल्या डिझाइनला हा पेपर शांतपणे सुरुंग लावतो. ज्या मुलीचा फोन दादा रोज रात्री चाळतो, तिच्यासाठी लपवलेलं ॲप ही गरज आहे, हौस नव्हे.

पण याच मुलीला ‘लपव, कोणाला कळणार नाही’ असं सांगणारा व्हिडिओ मला धोकादायक वाटतो. आयफोनवर लपवलेल्या ॲपचं नाव स्क्रीन टाइममध्ये, बॅटरीच्या वापरात आणि ॲप स्टोअरच्या खरेदीच्या यादीत दिसू शकतं. न्यूयॉर्कमध्ये जोडीदाराकडून होणाऱ्या छळावर डायना फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्येच दाखवलं होतं, की छळणाऱ्याला हॅकिंग यावं लागत नाही. फोन हातात मिळतो, पासवर्ड माहीत असतो, आणि नेहमीचे मेनू त्याला पुरतात. ‘कोणापासून लपवायचं?’ याचं उत्तर ‘पासकोड माहीत असलेल्या माणसापासून’ असं असेल, तर पडदा फार पातळ आहे. आणि लपवलेलं सापडलं तर नुसतं दिसण्यापेक्षा जास्त महागात पडू शकतं.

तेव्हा सिनॉप्सिसमध्ये ‘ॲप लपवण्याचा विद्यार्थ्यांच्या गोपनीयतेवर व एकाग्रतेवर होणारा परिणाम’ असं शीर्षक लिहिलं असेल, तर त्यातला ‘व’ काढा आणि एक बाजू निवडा. एकाग्रतेची बाजू घेतलीत तर लपवण्याआधीचे दोन आठवडे मोजा, लॅपटॉपही मोजा, न लपवणारा गट ठेवा, आणि गट तुम्ही पाडा, त्यांना स्वतः निवडू देऊ नका. वापराची नोंद म्हणून स्क्रीन टाइमचे स्क्रीनशॉट मागवायचा मोह होईल, कारण ते फुकट आणि सोपं आहे. फक्त त्या स्क्रीनशॉटमध्ये लपवलेल्या ॲपचं नावही येऊ शकतं, म्हणजे सहभागी व्यक्तीने जगापासून झाकलेली गोष्ट तुमच्या गूगल ड्राइव्हवर येऊन पडेल. एथिक्स कमिटीच्या अर्जात हे स्पष्ट लिहा, आणि त्यांच्याकडून स्क्रीनशॉटऐवजी फक्त एकूण मिनिटांचा आकडा घ्या.