व्यस्त रूपांतर : कसोटी आणि तिची मर्यादा

प्रतलातील रूपांतराचे व्यस्त काढण्याचे प्रकरण पदवी-अभ्यासक्रमाच्या पुस्तकांतून बहुधा एकाच साच्यात मांडलेले आढळते. एकघाती रूपांतर घ्यावे, निश्चयक शून्य नाही हे पाहावे, दोन समीकरणे सोडवावी, की प्रकरण संपले. एकघाती रूपांतरापुरती ही रीत निर्दोष आहे. दोष उत्पन्न होतो तो तीच कसोटी इतर रूपांतरांना सरसकट लावली जाते तेव्हा. याकोबीचा निश्चयक कोठेही शून्य होत नसेल तर व्यस्त अस्तित्वात असते, असे त्रोटक विधान विद्यार्थ्याच्या हाती पडते. ‘प्रत्येक बिंदूच्या निकटच्या प्रदेशापुरते’ ही मर्यादा मात्र गळून जाते.

या मर्यादेचे मोल एका उदाहरणाने स्पष्ट होईल. (क्ष, य) या बिंदूची प्रतिमा आरंभबिंदूपासून ई या संख्येच्या क्ष-घाताइतक्या अंतरावर, अक्षाशी य इतका कोन करून घेतली, तर निश्चयक सर्वत्र धन राहतो. तथापि य मध्ये एका पूर्ण आवर्तनाची भर घातली असता प्रतिमा तीच येते. मग त्या प्रतिमेवरून मूळ बिंदू कोणता म्हणावा?

बहुपदी रूपांतरांत हा प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. क्ष′ = क्ष + य², य′ = य + क्ष′² या रूपांतराचा निश्चयक १ आहे. शेवटची क्रिया आधी उलटवावी : य = य′ − क्ष′²; त्यानंतर क्ष = क्ष′ − य². व्यस्तही बहुपदीच मिळते. ज्यांचे व्यस्त बहुपदी असते अशी प्रतलाची सर्व बहुपदी रूपांतरे याच जातीच्या पायऱ्या व एकघाती रूपांतरे यांच्या संयोगाने घडतात, हे युंगने १९४२ मध्ये सिद्ध केले. परंतु निश्चयक शून्येतर स्थिरांक आहे एवढ्यावरून बहुपदी व्यस्ताची खात्री देता येईल काय, हा केलरने १९३९ मध्ये उपस्थित केलेला प्रश्न याहून वेगळा आहे. श्रीराम अभ्यंकरांनी त्याचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. त्याच्या अनेक प्रसिद्ध सिद्धता सदोष ठरल्या. ‘स्थिरांक’ या शब्दाऐवजी ‘सर्वत्र धन’ म्हणून भागत नाही, हे पिंचुकने १९९४ मध्ये वास्तव प्रतलावरील प्रतिउदाहरणाने दाखविले.

तात्पर्य, व्यस्त निकटच्या प्रदेशात आहे काय, संपूर्ण प्रतलावर आहे काय, आणि त्याचे रूप कोणते, हे तीन प्रश्न भिन्न आहेत. पाठ्यपुस्तकाने ते एकाच वाक्यात गुंडाळल्यास विद्यार्थी समीकरणे सोडविण्यास शिकतो. आपण काय सिद्ध केले, हे मात्र त्यास उमगत नाही.