कच्चेरी आणि मराठी रसिक

दक्षिणेत गाण्याच्या बैठकीस 'कच्चेरी' म्हणतात. मराठी कानास या शब्दाने मामलेदाराचीच आठवण व्हावयाची. आणि मुंबईस माटुंगा-शीव भागातील कच्चेरीस जे थोडे मराठी रसिक जातात, तेही बहुधा कचेरीत बसल्यासारखेच बसतात: अदबीने, निमूटपणे, आपले काम केव्हा निघते याची वाट पाहत. अखेरीस गायकाने तुकोबांचा अभंग काढला की मंडळींचे चेहरे खुलतात, टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि कर्नाटक संगीत ऐकल्याच्या समाधानात ती घरी परततात. या समाधानाची थोडी चिकित्सा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ऐकावयास मिळत नाही, ही सबब मुंबईकरांस तरी सांगता येणार नाही. षण्मुखानंद सभा १९५२ साली स्थापन झाली. तिचे भव्य सभागृह १९६३ साली उभे राहिले, १९९० साली आगीत सापडले आणि १९९८ साली पुन्हा खुले झाले. सत्तर वर्षांहून अधिक काळ एवढी विद्या दाराशी येत असता आपला परिचय अभंगापुढे सरकू नये, याला काही कारण असले पाहिजे.

पहिले कारण तालाचे. आमचा श्रोता ठेक्यावर पोसलेला. तबला बोलत असतो म्हणून तो समेस मान डोलावतो. मृदंग असा एकच ठेका धरून बसत नाही. तो कृतीच्या चालीबरोबर चालतो, आणि मोजणी राहते हातावर. आदितालाच्या आठ मात्रा घ्या: एक टाळी व तीन बोटे, मग टाळी आणि उलटा हात, असे दोनदा. शेजारचे तमिळ आजोबा मांडीवर हात आपटतात ते याचसाठी. हा हिशेब ज्याने धरला नाही, त्याला पल्लवीतील एकाच ओळीची निरनिराळ्या लयींतील मांडणी म्हणजे पुनरुक्ती वाटावयाची आणि मृदंगाचे स्वतंत्र वादन म्हणजे गलका. मग 'हे संगीत रूक्ष, गणिती आहे' असा निकाल देऊन आपण मोकळे!

दुसरे कारण रागनामांचे. तिकडची तोडी स्वरांनी आमच्या भैरवीजवळची. तिकडचा हिंदोळम् हा आमचा मालकंस. कल्याणीत यमन दिसतो. पण स्वर तेच असले तरी गमक निराळे, म्हणून चेहरा निराळा. कल्याणीत यमन शोधीत बसणारा श्रोता दोहोंसही मुकतो.

आता अभंगाविषयी. तो दक्षिणेत पाहुणा नव्हे. तंजावरास १८५५ पर्यंत मराठी राजकुल नांदले. पुढे मोरगावकरबुवांच्या मराठी कीर्तनाचा आदर्श घेऊन कृष्ण भागवतरांनी तेथील हरिकथेस नवे वळण दिले, आणि साकी, दिंडी, ओवी हे आपले छंद तमिळ रंगपीठावर रुळले. छत्रपती संभाजीनगराहून पैठणास जाताना आमचे बिडकीन लागते. नाथांच्या या वाटेवर टाळमृदंगासह जे भजन चालते, त्याचाच दूरचा सोयरा दक्षिणेच्या भजनपरंपरेत भेटतो. याचा आनंद कोणास होणार नाही? मात्र अरियकुडी रामानुज अय्यंगारांनी रूढ केलेल्या बैठकीच्या रचनेत वर्णम्, कृती आणि रागम्-तानम्-पल्लवी यांचे भरपेट जेवण झाल्यावर अशा लहान चिजा विड्यासारख्या येतात. विडा खाऊन उठणाऱ्याने जेवणाची चव सांगू नये.

आमच्याकडे याहून चांगले वळण घालून देणारे होऊन गेले. मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यागराजांची खरहरप्रिया रागातील कृती ध्वनिमुद्रित केली. भेंडीबाजारच्या अमान अली खाँसाहेबांनी हंसध्वनी आपल्या गायकीत सामावून घेतला. या थोरांनी शेजाऱ्याच्या घरात आपली वस्तू शोधली नाही; त्याची वस्तू निरखून पाहिली. कलेतील शेजारधर्म तो हाच.

सभांनी कृतीचा अर्थ व ताल मराठीत चार ओळींत छापून दिल्यास उपकार होतील. पण रसिकांनी तेवढ्यासाठी थांबू नये. पुढच्या कच्चेरीस जावे, उजवा हात मांडीवर ठेवावा आणि आठ मात्रा मोजू लागावे. चुकेल, शेजारचे आजोबा सांभाळून घेतील.