मीटर 12 दाखवतो, जीप मात्र हलत नाही

‘बॅटरीला मीटर लावा, 12 व्होल्ट दिसले की ती चांगली.’ गाडीची वीजयंत्रणा घरी तपासण्याविषयी असा सल्ला सर्रास दिला जातो. पूर्ण भरलेली बॅटरी, भार नसताना, सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, 12.0 म्हणजे ती बरीचशी उतरलेली. पण ही चूक किरकोळ. खरी अडचण अशी, की मीटर बॅटरीकडून जवळजवळ धाराच घेत नाही, आणि गाडीला हवी असते ती धाराच.

नर्मदाकाठचे मणिबेली (ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार) घ्या. सरदार सरोवराची वीजक्षमता 1450 मेगावॅट. त्याच जलाशयात या गावाची जमीन गेली. अशा डोंगराळ भागात रात्री आजारी माणसाला न्यायला जीप काढली, दिवे लख्ख लागले, पण सेल्फ मारताच नुसते ‘टक्’ झाले, तर? बॅटरी गेली असे ठरते आणि नवीसाठी काही हजार मोजावे लागतात.

आता गणित करू या. टर्मिनलवर साचलेल्या पांढरट-हिरवट थरामुळे तिथला रोध 0.02 ओहम झाला असे धरा. 55 वॅटचे दोन दिवे सुमारे 9 अँपिअर घेतात, जोडावर 0.18 व्होल्ट खर्च होतात. दिव्यांना ते जाणवतही नाही. डिझेल इंजिनाच्या स्टार्टरला मात्र 200 अँपिअर हवेत. तेवढी धारा जायची तर याच जोडावर 4 व्होल्ट खर्ची पडतील! बॅटरी निर्दोष, आणि जीप जागीच.

याचे मूळ आपल्या फळ्यावर आहे. तिथली तार रोधहीन, जोड निर्दोष, घट आदर्श. ओहमचा नियम पाठ असलेल्या मुलाला तो गंजलेल्या जोडालाही लागू पडतो, हे सुचत नाही. (गाडीतल्या ‘अर्थ’चेही तसेच. टायर रबराचे, मग जमिनीचा संबंध काय? लोखंडी सांगाडा ही परतीची तार, एवढेच.)

तपासणी सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरे तिच्यावरच्या क्लॅम्पवर धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्ट दिसला तरी जोड खरवडून साफ करा. मग दोन्ही खुंट्यांवर टोके धरून तेच करा, आकडा 9.6 च्या खाली गेला तरच बॅटरीवर संशय घ्या. इंजिन चालू असताना टर्मिनल काढून चार्जिंग पाहण्याची डायनामोच्या काळातली सवय मात्र सोडा. अल्टरनेटरचे डायोड त्याने जळू शकतात.

वर्गात जीप आणता येत नाही, टॉर्चचा थकलेला सेल आणता येतो. मीटर तसाच ठेवून त्याला बल्ब जोडा, आणि आकडा कुठे घसरतो ते मुलांनाच वाचू द्या.